फिर्यादी जिवंत, आरोपी मयत

ऑफिसात तक्रार कशी होते हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. कोणीतरी एचआरला मेल टाकतो, कमिटी बसते, दोन्ही बाजू ऐकतात. कमिटी कितीही बोगस असली तरी दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी पाळल्या जातात. एक, तक्रार करणाऱ्याच्या टीममधल्याच माणसाला चौकशीला बसवत नाहीत. दोन, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला निदान बोलू देतात.

आता एक असं कामाचं ठिकाण डोळ्यांसमोर आणा, जिथे आपल्याला लॅपटॉप इश्यू होतो तसं पिस्तूल इश्यू होतं. तक्रार अशी की 'त्याने माझ्यावर गोळी झाडली, म्हणून मी त्याला मारलं'. तक्रार लिहून घेणारा, तपास करणारा आणि तक्रार करणारा, तिघेही एकाच खात्याचे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो तोपर्यंत शवागारात पोचलेला. कागदावर 'एन्काउंटर' म्हणजे एवढंच असतं. आपण सिनेमात बघतो तो धुरळा आणि बॅकग्राउंड म्युझिक नंतरचं. आधी असते ती फिर्याद.

या फिर्यादीकडे इतिहासाचा कागद म्हणून बघायचं आज डोक्यात आहे. जागाही आपल्या ओळखीचीच आहे, अंधेरी पश्चिम. डी. एन. नगर, लोखंडवाला, वर्सोवा.

थोडी पार्श्वभूमी. मुंबईतलं पहिलं एन्काउंटर म्हणून मन्या सुर्वेचं नाव घेतलं जातं, ११ जानेवारी १९८२, वडाळा. उपनगरातलं गाजलेलं म्हणजे लोखंडवाला कॉम्प्लेक्स, १६ नोव्हेंबर १९९१. माया डोळस, दिलीप बुवा आणि त्यांचे साथीदार एका इमारतीत अडकले, ए. ए. खान यांच्या पथकाने वेढा घातला आणि भर दिवसा कित्येक तास गोळीबार चालला. आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून लोक बघत होते. २००७ मध्ये त्यावर सिनेमा निघाला, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. पुढचा सगळा प्रकार समजून घ्यायला लोखंडवाला लक्षात ठेवायला हवं, कारण तिथे निदान साक्षीदार होते. नंतरच्या बहुतेक चकमकींत रात्रीची वेळ, सुनसान जागा आणि हजर असलेले सगळे एकाच खात्याचे पगारदार.

१९९७ साल तर भयानक होतं. जानेवारीत पवईत दत्ता सामंतांना गोळ्या घातल्या. ऑगस्टमध्ये अंधेरीत देवळातून बाहेर पडणाऱ्या गुलशन कुमारला मारलं. बिल्डर, हॉटेलवाले, निर्माते, सगळ्यांना खंडणीचे फोन. साक्षीदार कोर्टात उभे राहत नव्हते, खटले वर्षानुवर्षं रखडत होते. अशा वेळी 'आज अमुक गँगचा अमुक टिपला' अशी बातमी आली की लोकलच्या डब्यात लोक खूश व्हायचे. हे मी तुच्छतेने लिहीत नाहीये. खंडणीचा फोन ज्याच्या घरी येत होता त्याला मानवी हक्कांचं पुस्तक वाचून दाखवण्यात काय अर्थ होता?

पण आकडा बघा. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने कोर्टात ज्या चकमकींबद्दल शंका घेतली, त्या १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ होत्या आणि त्यांत सुमारे १३५ माणसं मेली होती. एकट्या मुंबई पोलिसांच्या चकमकी.

या चकमकींच्या फिर्यादी वाचल्या (कोर्टाच्या निकालांत त्या जागोजाग उतरवलेल्या असतात) तर कोड करणाऱ्या माणसाला एक गोष्ट लगेच खटकते. कॉपी-पेस्ट. खास बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली. वरिष्ठांना कळवून सापळा लावला. इसम संशयितरीत्या येताना दिसला. पोलीस असल्याचं सांगून शरण येण्यास फर्मावलं. त्याने शरण न येता कमरेचं हत्यार काढून पोलिसांच्या दिशेने गोळी झाडली. स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिलं. जखमी इसमास रुग्णालयात नेलं असता डॉक्टरांनी मयत घोषित केलं. फक्त नाव, जागा आणि तारीख बदलायची, बाकी फंक्शन तेच.

एकसारखं लिहिलेलं असलं की खोटंच असतं असं मात्र नाही. पोलिसी मराठी तशी ठरलेलीच असते, चोरीची फिर्यादही साच्यातलीच असते. पण प्रत्येक गुंड चारी बाजूंनी वेढलेला असताना पहिली गोळी झाडतो आणि ती एकाही पोलिसाला नीट लागत नाही, हे शंभर वेळा घडलं तर सांख्यिकी शिकलेल्या माणसाने भुवई उंचावायलाच हवी.

आणि गुन्हा कोणाविरुद्ध नोंदवला जायचा? मेलेल्या माणसाविरुद्ध! तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०७, खुनाचा प्रयत्न. जोडीला हत्यार कायदा. फिर्यादी 'सरकारतर्फे' पोलीस अधिकारी. आरोपी मयत, म्हणून पुढे खटला चालायचा प्रश्नच नाही. आरोपी हयात नसल्याने केस बंद करायची, याला ॲबेटेड समरी म्हणतात. म्हणजे ज्या कागदावर एका माणसाचा जीव गेल्याचा हिशेब आहे, त्या कागदाची उलटतपासणी कधी होणारच नाही अशी रचना. मला ही सगळ्यात चलाख गोष्ट वाटते. यासाठी कोणी कट करायचीही गरज नाही, नेहमीची प्रोसेस पाळली की झालं.

आता मुख्य गोष्ट.

११ नोव्हेंबर २००६, शनिवार. रात्री आठच्या सुमारास वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. फिर्याद वर्सोवा पोलीस ठाण्यात दाखल झाली. फिर्यादी होते डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे निरीक्षक प्रदीप सूर्यवंशी. मजकूर वर दिलाय तोच: छोटा राजन टोळीचा माणूस येणार अशी बातमी, सापळा, त्याने हत्यार काढलं, आम्ही स्वतःला वाचवलं. लखनवर गुन्हे दाखल होते, तो काही देवमाणूस नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'गँगस्टर ठार' एवढं आलं असतं आणि विषय संपला असता.

संपला नाही, कारण लखनचा भाऊ रामप्रसाद गुप्ता वकील होता. आणि त्याच्याकडे टाइमस्टॅम्प होते.

झालं असं की त्याच दिवशी दुपारी वाशीत एका दुकानाजवळून लखन आणि त्याचा एक मित्र यांना साध्या वेशातल्या माणसांनी गाडीत घालून नेलं. बातमी भावापर्यंत पोचली. त्याने काय करावं? त्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवायचा सपाटा लावला: माझ्या भावाला पोलिसांनी उचललंय, त्याच्या जिवाला धोका आहे. मित्राच्या बायकोनेही नवरा बेपत्ता असल्याची तक्रार वाशी पोलिसांत दिली. लक्षात घ्या, ही सगळी धावपळ सुरू झाली तेव्हा नाना-नानी पार्कजवळ काहीच घडलेलं नव्हतं.

आपल्या धंद्यातली भाषा वापरायची तर दोन लॉग आहेत. एक फिर्यादीचा: हा माणूस रात्री आठ वाजता आपल्या पायांनी चालत वर्सोव्याला आला, कमरेला हत्यार लावून. दुसरा टपाल खात्याचा: हा माणूस दुपारपासून पोलिसांच्या ताब्यात आहे, असं कोणीतरी संध्याकाळीच ओरडून सांगतंय. दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत. आणि पहिला लॉग ज्याने लिहिला त्याचाच त्यात हितसंबंध आहे; तारेवर शिक्का मारणाऱ्या कारकुनाला लखन भैया कोण हे माहीतही नसणार. कुठला लॉग विश्वासार्ह मानाल?

(गंमत म्हणजे या खटल्याचा पहिला निकाल जुलै २०१३ मध्ये लागला आणि त्याच महिन्यात भारतातली तार सेवा कायमची बंद झाली. आजकाल आपण व्हॉट्सॲपच्या दोन निळ्या टिकांना पुरावा समजतो. तारेची पावती त्याहून भक्कम होती.)

पण लॉग हातात असला म्हणून तो वाचणारा कोणी मिळतोच असं नाही. रामप्रसाद उच्च न्यायालयात गेला. २००८ मध्ये न्यायालयाने महानगर दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करवली आणि त्यांनी त्याच वर्षी अहवाल दिला की ही चकमक नव्हे, हा थंड डोक्याने केलेला खून आहे. मग २००९ मध्ये उच्च न्यायालयाने पोलीस उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमायला लावलं. म्हणजे घटना २००६ ची आणि 'फिर्याद खोटी असू शकते' हे गृहीत धरून झालेला पहिला खरा तपास २००९ चा. मधली तीन वर्षं ती फिर्याद हेच अधिकृत सत्य होतं.

पथकाने धागे जोडत नेले. मोबाइलचे कॉल रेकॉर्ड, पोलीस ठाण्याच्या नोंदी, गोळ्यांचा बॅलिस्टिक अहवाल. आणि एक जिवंत साक्षीदार, लखनबरोबर उचललेला तो मित्र. त्याला मारलं नाही, पण सुमारे महिनाभर बेकायदा डांबून ठेवलं, कोल्हापूरला नेलं, मग अंधेरीतल्या एका हॉटेलात ठेवलं. कागदावर तो कुठेच नव्हता. हा माणूस कोर्टात बोलला असता तर फिर्यादीची एक ओळही उभी राहिली नसती.

मार्च २०११ मध्ये, साक्षीच्या तारखेला जेमतेम काही दिवस उरले असताना, तो बेपत्ता झाला. नंतर त्याचा मृतदेह मनोरच्या बाजूला सापडला.

इथे मला दर वेळी थांबायला होतं. फिर्यादीत नसलेला माणूस, जो केवळ 'मी तिथे होतो' एवढंच सांगणार होता. त्याच्या खुनाचा छडा लागला नाही. २०२४ च्या निकालात उच्च न्यायालयाने यावर अतिशय कडक शब्दांत नाराजी नोंदवली: मुख्य साक्षीदाराचा खून होतो आणि इतक्या वर्षांत कोणाला जबाबदार धरता येत नाही, ही न्यायाची थट्टा आहे, या अर्थाने.

तरी खटला चालला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली, त्यांत १३ पोलीस होते. फिर्यादी सूर्यवंशी त्यांतले एक. म्हणजे फिर्यादीचा आरोपी झाला. चकमकफेम प्रदीप शर्मा मात्र सुटले. राज्य सरकारने मध्येच, २०१५ मध्ये, ११ दोषी पोलिसांची शिक्षा तात्पुरती स्थगित केली होती, तो आदेश पुढे उच्च न्यायालयाने मोडीत काढला. कुठल्याही पक्षाचं सरकार असो, चकमकफेम पोलिसांबद्दल हळवा कोपरा असतोच. २०१९ मध्ये शर्मा शिवसेनेच्या तिकिटावर नालासोपाऱ्यातून विधानसभेला उभे राहिले (पडले, ते सोडा).

१९ मार्च २०२४ ला न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने साडेआठशेहून जास्त पानांचा निकाल दिला. शर्मांची सुटका रद्द करून त्यांना जन्मठेप सुनावली. बाकीच्या पोलिसांची शिक्षा कायम केली, सहा खासगी व्यक्तींना सोडलं, दोघे आरोपी मधल्या काळात मेले होते. लखनच्या शरीरातली गोळी शर्मांच्या हत्यारातून सुटली होती, हा बॅलिस्टिक तज्ज्ञाचा निष्कर्ष सत्र न्यायालयाला पटला नव्हता, तो उच्च न्यायालयाने मान्य केला. शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी त्यांना तिथे जामीन मिळाला. म्हणजे शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचा. पण फिर्यादीतल्या कथेपुरतं बोलायचं तर ती सत्र न्यायालयानेही मानली नाही आणि उच्च न्यायालयानेही नाही.

हिशेब करा. एक फिर्याद, जी एका रात्रीत लिहून झाली असेल. ती खोटी ठरवायला सात वर्षं, मग अपिलात आणखी अकरा. एक वकील भाऊ, दोन न्यायालयं, एक विशेष पथक आणि एका साक्षीदाराचा जीव. लखनचा भाऊ वकिलाऐवजी रिक्षाचालक असता तर? ९९ चकमकींतल्या किती जणांचे भाऊ वकील होते?

'पोलीस म्हटला की खोटाच' असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, हे सांगून टाकतो, नाहीतर काही मित्र भांडायला येतील. पोलिसांवर खरोखर गोळ्या झाडल्या जातात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तुकाराम ओंबळेंनी हातात बंदूक नसताना कसाबची एके-४७ धरून ठेवली आणि जीव दिला. त्याच रात्री विजय साळसकरही गेले, आणि साळसकर हे चकमकींसाठीच ओळखले जाणारे अधिकारी होते. हत्याराशी रोज काम असणाऱ्या माणसाच्या 'माझ्यावर गोळी झाडली' या तक्रारीला उडवून लावणं हाही अन्यायच. फक्त तपासून बघणं म्हणजे उडवून लावणं नव्हे. उलट खरी चकमक करणाऱ्या अधिकाऱ्याला कडक तपासाचा फायदाच आहे, कारण त्याच्या कपाळावरचा संशय त्यानेच पुसला जातो.

आणि हे फक्त आपल्याकडे घडतं अशातलाही भाग नाही. २०१४ मध्ये शिकागोत लाक्वान मॅकडोनाल्ड या १७ वर्षांच्या मुलाला एका पोलिसाने १६ गोळ्या घातल्या. हजर पोलिसांच्या अहवालांत होतं की तो चाकू घेऊन अंगावर आला. वर्षभराने गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण बाहेर आलं, त्यात तो मुलगा पोलिसांपासून लांब चालत होता. गोळ्या घालणारा २०१८ मध्ये दोषी ठरला. पण अहवाल रंगवल्याचा आरोप असलेले तिघे सहकारी पुढे निर्दोष सुटले. आपल्याकडे तार, त्यांच्याकडे कॅमेरा. प्रत्येक वेळी फिर्याद लिहिणाऱ्याच्या हातात नसलेला एखादा लॉग लागतोच.

घाटकोपरचं एक प्रकरण इथे जाता जाता सांगितलंच पाहिजे, कारण त्यातला माणूस आपल्याच धंद्यातला होता. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर ख्वाजा युनूस नावाच्या २७ वर्षांच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला अटक झाली. मूळचा परभणीचा, नोकरीला दुबईत. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी फिर्याद दिली की त्याला औरंगाबादकडे नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला. फिर्यादी होते सचिन वाझे. सीआयडीच्या तपासात निघालं की पळून जाण्याची गोष्ट बनावट आहे, तो कोठडीतच मेला. आरोपपत्र दाखल झालं, आणि खटला वीस वर्षांहून जास्त रखडला. युनूसचा मृतदेह कधीच मिळाला नाही. यात बंदूक नाही, पण कागद तोच: खात्यातल्या माणसाने खात्यातच लिहिलेला, आणि उत्तर द्यायला समोर कोणी नाही.

असो. तर ही रचना सुधारायचे प्रयत्न झाले का? झाले. मार्च १९९७ मध्येच राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्यांना कळवलं होतं की ज्या ठाण्याचे पोलीस चकमकीत आहेत, त्याच ठाण्याने तपास करू नये, सीआयडीसारख्या यंत्रणेकडे द्यावा. तरी त्यानंतर नऊ वर्षांनी लखनची फिर्याद जुन्याच पद्धतीने गिळली गेली. मुंबईच्या त्या ९९ चकमकींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २३ सप्टेंबर २०१४ ला निकाल आला. सोळा निर्देश. दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून किंवा सीआयडीकडून तपास. प्रत्येक मृत्यूची दंडाधिकारी चौकशी. पोलिसांनी आपली हत्यारं तपासणीसाठी जमा करायची. आणि मला सगळ्यात मार्मिक वाटलेला: चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही. कुठल्याही मॅनेजरला विचारा, इन्सेंटिव्ह बदलल्याशिवाय वागणूक बदलत नाही. न्यायालयाने नेमकं तिथे बोट ठेवलं.

बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. तारीख योगायोगाने तीच. फिर्याद अशी: त्याने सहायक निरीक्षकाचं पिस्तूल हिसकावलं, गोळ्या झाडल्या, म्हणून दुसऱ्या अधिकाऱ्याने त्याला मारलं. गुन्हा इतका घृणास्पद होता की काही ठिकाणी लोकांनी पेढे वाटले. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मोहिते डेरे याच खंडपीठावर होत्या. खंडपीठाने साधेच प्रश्न विचारले: एवढे पोलीस गाडीत असताना एका माणसाला आवरता आलं नाही? गोळी पायावर का नाही, डोक्यावर का? जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल आला. त्यात पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नसल्याचं नमूद होतं आणि गाडीतल्या पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरलं होतं.

मग फेब्रुवारीत मयताच्या आईवडिलांनी कोर्टाला सांगितलं की आम्हाला हे प्रकरण पुढे चालवायचं नाही. आता फिर्यादीविरुद्धची तक्रार करायलाही कोणी उरलं नव्हतं. न्यायालयाने तरीही ते बंद केलं नाही. एका ज्येष्ठ वकिलांना न्यायमित्र म्हणून नेमून सुनावणी चालू ठेवली आणि एप्रिल २०२५ मध्ये गुन्हा नोंदवून विशेष पथकाने तपास करावा असा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे आदेशात एवढाच बदल झाला की पथक राज्याच्या पोलीस महासंचालकांनी नेमायचं.